फुकटचं प्लगइन आणि जुनी अट: ऑनलाइन दुकान उभं करण्याआधी ‘रिक्वायर्स’ची ओळ वाचायला शिका



वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवर स्वतःचं ऑनलाइन दुकान कसं उभं करायचं, हा व्हिडिओ टाकल्यापासून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. "सर, वर्डप्रेस फुकट, वूकॉमर्स फुकट, प्लगइनही फुकट. मग डेव्हलपर दरवर्षी मेन्टेनन्सचे पैसे कशाचे मागतो?" प्रश्न रास्त आहे. व्हिडिओत दोन मिनिटांत उत्तर देण्यासारखा नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. थोडा तांत्रिक भाग येईल, पण कोडिंग यायची गरज नाही. प्लगइनच्या पानावरची दोन-तीन ओळींची माहिती नीट वाचता आली तरी पुष्कळ काम होतं.

आधी एक उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही घरून मसाले आणि भाजणी विकता. दुकान वूकॉमर्सवर आहे. पिनकोडप्रमाणे डिलिव्हरी चार्ज लागावा म्हणून डेव्हलपरने एक फुकटचं प्लगइन टाकून दिलं. तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग होस्टिंग कंपनीकडून एक इंग्रजी ईमेल आला: आम्ही पीएचपी ७.४ बंद करतोय, अमुक तारखेला तुमची साइट ८.२ वर जाईल. तुम्ही तो उघडलाही नाही. कोण उघडतं? होस्टिंगवाल्यांच्या दहापैकी नऊ ईमेल ऑफरच्याच असतात.

ती तारीख उलटली. साइट उघडून पाहिली तर होमपेज दिसतंय, मसाल्यांचे फोटो दिसतायत, बास्केटही भरतेय. फक्त ग्राहकाने पत्ता टाकून पुढे दाबलं की ‘देअर हॅज बीन अ क्रिटिकल एरर ऑन धिस वेबसाइट’ एवढी एकच ओळ. ग्राहक काही तुम्हाला फोन करून सांगत नाही, तो दुसरीकडून घेतो. तुम्हाला वाटतं मार्केट मंद आहे. आठ-दहा दिवसांनी एखादी जुनी ओळखीची ताई व्हॉट्सॲपवर विचारते, "दादा, ऑर्डर का घेत नाही तुमची साइट?" तेव्हा कुठे कळतं.

या गोष्टीत कुणी साइट हॅक केलेली नाही, कुणी काही बिघडवलेलंही नाही. एका प्लगइनची अट जुनी झाली होती, इतकंच घडलं.

लायब्ररी आणि तिची अट

कुठलंही सॉफ्टवेअर शून्यापासून कुणी लिहीत नाही. पीडीएफ बिल बनवायचं, फोटो लहान करायचा, पेमेंट गेटवेशी बोलायचं, या सगळ्या कामांसाठी दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड वापरतात. त्या तयार कोडला लायब्ररी म्हणतात. तुमचं प्लगइन लायब्ररीवर उभं, लायब्ररी पीएचपीवर उभी, पीएचपी सर्व्हरवर. आणि प्रत्येक जण आपल्याखालच्या थराबद्दल एक अट लिहून ठेवतो: मला अमुक गोष्ट अमुक आवृत्तीची लागते. पिठाच्या चक्कीला जसा ठरावीक मापाचाच पट्टा लागतो, तसंच. माप बदललं की मोटर फिरते, पण दगड फिरत नाही.

आवृत्तीचा आकडा बहुतेक वेळा तीन भागांचा असतो, उदाहरणार्थ ३.५.१. शेवटचा आकडा वाढला तर छोटी दुरुस्ती. मधला वाढला तर नवी सोय आली, जुनं चालत राहायला हवं. पहिला वाढला तर सावध व्हायचं, कारण जुनं काहीतरी काढून टाकलेलं असू शकतं. सगळेच हा नियम पाळतात असं नाही. वर्डप्रेस स्वतःच पाळत नाही, त्यांचं ५.९ नंतर सरळ ६.० आलं आणि तेही इतर बदलांसारखंच एक. पण बहुतेक लायब्ऱ्यांसाठी हा अंदाज चालतो.

आता ही अट दोन प्रकारांनी लिहिता येते. एक खालची मर्यादा: "पीएचपी ५.६ किंवा त्यापुढचं". दुसरी वरचीही मर्यादा घालणारी: "७.४ पासून पुढे, पण ८ च्या आत". पीएचपीच्या जगात लायब्ऱ्या बसवायला कम्पोजर नावाचं साधन वापरतात. त्यात आकड्याआधी टोपीसारखं ^ चिन्ह दिलं की असाच अर्थ होतो. ^७.४ म्हणजे ७.४ चालेल, ८.० चालणार नाही.

दोन्ही अटी जुन्या होतात, आणि दोन्ही वेगवेगळ्या तऱ्हेने त्रास देतात. हा फरक समजला की अर्धी लढाई जिंकली.

खालची मर्यादा जुनी झाली की ती खोटा धीर देते. वर्डप्रेसच्या प्लगइनमध्ये ‘रिक्वायर्स पीएचपी’ अशी एक ओळ असते. २०१९ च्या मे महिन्यात आलेल्या वर्डप्रेस ५.२ पासून ही ओळ तपासली जाते. तुमचं पीएचपी कमी पडत असेल तर वर्डप्रेस ते प्लगइन चालूच करू देत नाही. छान सोय आहे. पण ‘जास्तीत जास्त पीएचपी’ अशी ओळ तिथे नाहीच! म्हणजे ज्या प्लगइनवर "पीएचपी ५.६ किंवा पुढचं" लिहिलंय ते ८.२ च्या सर्व्हरवरही खुशाल चालू होतं. वर्डप्रेस हरकत घेत नाही. ८.२ हे ५.६ च्या पुढचंच आहे ना? शब्दशः अट पूर्ण झाली. मग आतला कोड धावायला लागतो आणि अशा जागी येतो की जिथे जुन्या पीएचपीने फक्त कुरकुर केली असती आणि नवं पीएचपी तिथेच थांबतं.

याचं नेमकं उदाहरण सांगतो. पीएचपीत ‘काउंट’ नावाचं मोजणी करणारं फंक्शन आहे. समोर मोजायला काहीच नसेल तर पूर्वी ते गुपचूप शून्य म्हणायचं. ७.२ पासून इशारा द्यायला लागलं. ८.० पासून सरळ एरर देतं आणि पान बंद. ‘क्रिएट फंक्शन’ नावाची एक जुनी सोय होती, तीही ७.२ मध्ये "आता वापरू नका" म्हणून जाहीर झाली आणि ८.० मध्ये काढूनच टाकली. पीएचपी ८.० आलं २६ नोव्हेंबर २०२० ला. म्हणजे प्लगइन लिहिणाऱ्यांना तीन वर्षं आधी सांगितलेलं होतं. ज्यांनी प्लगइन लिहून सोडून दिलं, त्यांच्यापर्यंत ते पोहोचलं नाही किंवा पोहोचून काही झालं नाही. आपल्या मसालेवाल्या दुकानात जे घडलं ते बहुधा हेच.

वरची मर्यादा जुनी झाली की काहीच तुटत नाही, उलट सगळं जागच्या जागी गोठतं. लायब्ररी म्हणते मला ८ च्या आतलंच पीएचपी पाहिजे, होस्टिंगवाला म्हणतो मी ८ च्या आतलं ठेवणार नाही. तुम्ही मध्ये. पीएचपी ७.४ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं २८ नोव्हेंबर २०२२ ला बंद झालं. ८.० चं २६ नोव्हेंबर २०२३ ला, आणि ८.१ चं ३१ डिसेंबर २०२५ ला. ८.२ ला ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत दुरुस्त्या मिळतील. या तारखा आधीपासून जाहीर असतात, पीएचपीच्या अधिकृत साइटवर तक्ता आहे. जीएसटी रिटर्नच्या तारखा जशा कॅलेंडरवर लिहिता तशा याही लिहून ठेवा.

काही होस्टिंग कंपन्या जुन्या पीएचपीला स्वतःच पॅच लावून चालू ठेवतात, काही त्याचे वेगळे पैसे घेतात. दिवाळीच्या तोंडावर अडकलात तर ही सोय जरूर घ्या. पण ती डोकेदुखीवरची गोळी आहे. तिच्या भरवशावर वर्ष काढू नका.

एकाच घरात दोन मापं

तिसरा प्रकार जरा चमत्कारिक आहे आणि डेव्हलपरलाही चकवतो. समजा, तुमचं पेमेंटचं प्लगइन आणि कुरिअरचं प्लगइन दोन्ही गझल नावाची एकच लायब्ररी वापरतात. नाव गझलसारखं वाटलं तरी तिचा शायरीशी संबंध नाही, इंटरनेटवरून दुसऱ्या सर्व्हरशी बोलण्याचं काम करणारी ती पीएचपीची लायब्ररी आहे. पेमेंटवाल्याने आपल्यासोबत गझल ६ आणलीय, कुरिअरवाल्याने ७. पीएचपीत एका नावाची गोष्ट एकदाच लोड होते. जो आधी आला त्याचीच प्रत दोघांना वापरावी लागते. वर्डप्रेस प्लगइन लोड करतं ते बहुधा फोल्डरच्या नावाच्या इंग्रजी अक्षरक्रमाने. म्हणजे कुणाचं नाव ‘ए’ने सुरू होतं यावर तुमचं कुरिअर बुकिंग चालणार की नाही हे ठरतं!

अशा वेळी दोन्ही कंपन्यांचा सपोर्ट एकच उत्तर देतो: "आमचं प्लगइन एकटं चालवून बघा, व्यवस्थित चालतं." आणि दोघंही खरंच बोलत असतात. यावर उपाय प्लगइन लिहिणाऱ्याच्या हातात असतो. आपल्यासोबतच्या लायब्ररीचं आतलं नाव बदलून घेतलं की टक्कर होत नाही, आणि त्यासाठी तयार साधनंही आहेत. ग्राहक म्हणून तुम्ही एकच करू शकता. दोघांपैकी ज्याची लायब्ररी जुनी आहे त्याला नेमकी एरर पाठवा आणि सांगा की तुमची आवृत्ती मागे आहे. "साइट चालत नाही" असं लिहिलेल्या ईमेलपेक्षा अशा ईमेलला उत्तर लवकर मिळतं.

२०२० मध्ये काय झालं होतं

हे फक्त छोट्या प्लगइनवाल्यांचं दुखणं आहे असं समजू नका. खुद्द वर्डप्रेस कित्येक वर्षं जेक्वेरी या लायब्ररीची १.१२.४ ही २०१६ सालची आवृत्ती घेऊन चाललं होतं. जेक्वेरी ३ सुद्धा २०१६ मध्येच आलेली होती. मग बदलली का नाही? कारण हजारो थीम आणि प्लगइन जुन्या आवृत्तीच्या भरवशावर लिहिलेली होती. जुना कोड चालावा म्हणून सोबत ‘जेक्वेरी मायग्रेट’ नावाचा एक दुभाषा ठेवलेला होता. जुन्या प्लगइनची जुनी भाषा तो सांभाळून घ्यायचा.

११ ऑगस्ट २०२० ला वर्डप्रेस ५.५ आलं आणि हा दुभाषा बंद केला गेला. जगभर साइट अडखळल्या. स्लायडर फिरेनात, मेनू उघडेनात, काहींच्या ॲडमिनमधली बटणं दाबली तरी काही होईना. लोकांनी वर्डप्रेसला दोष दिला. शेवटी वर्डप्रेसच्याच मंडळींनी ‘एनेबल जेक्वेरी मायग्रेट हेल्पर’ हे प्लगइन काढून जुना दुभाषा तात्पुरता परत दिला. सोबत ते हेही नोंदवायचं की नेमकं कुठलं प्लगइन किंवा थीम जुनी भाषा बोलतेय. डिसेंबर २०२० मधल्या ५.६ मध्ये अखेर जेक्वेरी ३.५.१ आली.

माझं मत विचाराल तर वर्डप्रेसने हे आधीच करायला हवं होतं. चार वर्षं सांभाळून घेतल्यामुळे प्लगइनवाले निवांत राहिले, आणि बिल शेवटी फाटलं ते दुकानदारांच्या नावाने. ते सुद्धा ऑगस्टमध्ये, गणपतीच्या खरेदीच्या दिवसांत.

आणि सुरक्षेचं काय?

दुकान बंद पडलं तर निदान कळतं तरी. जुनी लायब्ररी चालूच राहिली तर कळतही नाही, हा धोका मोठा. २०११ चं टिमथंबचं प्रकरण अजूनही शिकवण्यासारखं आहे. टिमथंब ही फोटो लहान-मोठे करणारी एक छोटी ओपन सोर्स स्क्रिप्ट. असंख्य वर्डप्रेस थीमवाल्यांनी तिची प्रत आपल्या थीमच्या फोल्डरमध्ये टाकली होती. ऑगस्ट २०११ मध्ये मार्क मॉन्डर यांची स्वतःची साइट हॅक झाली. शोध घेताना त्यांना सापडलं की ही स्क्रिप्ट बाहेरच्या ठरावीक साइटवरून फोटो घेताना साइटचं नाव अर्धवटच तपासते. त्यामुळे फोटोच्या नावाखाली कुणीही तुमच्या सर्व्हरवर स्वतःचा कोड आणून ठेवू शकतो. दुरुस्त आवृत्ती लवकर निघाली.

पण ती पोहोचणार कशी? वर्डप्रेसचा डॅशबोर्ड थीमची आवृत्ती बघतो, थीमच्या पोटात कुठली स्क्रिप्ट कुठल्या सालची आहे ते त्याला दिसत नाही. थीमवाल्याने नवी प्रत टाकून थीमचं अपडेट काढलं तरच ते तुमच्यापर्यंत येणार. साइटवर "सर्व काही अपडेटेड आहे" असं हिरवं दिसत असतानाही आत भोक तसंच राहिलं. २०१४ च्या डिसेंबरमध्ये स्लायडर रिव्होल्यूशन या पैसे देऊन घ्यायच्या प्लगइनबाबत असंच झालं. तेही बऱ्याच थीमसोबत आतूनच यायचं. दुरुस्त आवृत्ती त्याच वर्षी आधी निघाली होती, तरी गूगलला अकरा हजारांहून जास्त डोमेन धोकादायक म्हणून ब्लॉक करावी लागली. तुमच्या दुकानाचं नाव गूगलमध्ये लाल पाटीसह दिसणं म्हणजे काय, ते मी वेगळं सांगायला नको.

तुमच्या साइटवर ग्राहकांची नावं, पत्ते, मोबाइल नंबर आहेत. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट, २०२३ नुसार हा डेटा सांभाळण्यासाठी वाजवी काळजी घेतली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. घाबरवण्यासाठी सांगत नाही, घरगुती मसाल्याच्या दुकानाला कुणी एवढा दंड लावणार नाही. पण "सर, फुकटचं प्लगइन होतं" हे उत्तर तिथे चालणार नाही, इतकं लक्षात असू द्या.

प्लगइन टाकण्याआधी

वर्डप्रेसच्या अधिकृत डिरेक्टरीत प्लगइनचं पान उघडा. उजव्या बाजूला छोटा तक्ता असतो, मोबाइलवर खाली सरकावं लागतं. शेवटचं अपडेट कधी, किती साइटवर चालू, वर्डप्रेस कुठल्या आवृत्तीपर्यंत तपासलंय, पीएचपी किमान कोणतं. बहुतेक लोक फक्त स्टार बघतात. स्टार पाच वर्षांपूर्वीच्या खूश ग्राहकांनी दिलेले असू शकतात!

किमान पीएचपी ५.२ किंवा ५.६ लिहिलेलं दिसलं तर आनंदून जाऊ नका. "कुठल्याही सर्व्हरवर चालतं" असा त्याचा अर्थ नाही. बऱ्याच वेळा अर्थ असा असतो की ती ओळ लिहिल्यानंतर तिच्याकडे कुणी पाहिलेलं नाही. वर्डप्रेसची स्वतःची किमान अट बघा: २०१९ मध्ये ५.६, २०२३ मध्ये ७.०, २०२४ मध्ये ७.२. जिवंत प्रकल्पाची खालची मर्यादा हळूहळू वर सरकत असते.

‘टेस्टेड अप टू’ या ओळीवरही डोळे झाकून विश्वास नको. तो एका साध्या मजकुराच्या फाइलमधला आकडा आहे. काहीही न तपासता लेखक तो बदलू शकतो. खरी परिस्थिती सपोर्टच्या टॅबमध्ये कळते. गेल्या दोन महिन्यांतले प्रश्न वाचा. "पीएचपी ८" किंवा "क्रिटिकल एरर" असे शब्द दिसतायत का? लेखक उत्तर देतोय का? ‘डेव्हलपमेंट’ टॅबमध्ये बदलांची यादी असते. तिथे "लायब्ररी अपडेट केली", "पीएचपी ८.३ साठी दुरुस्ती" अशा कंटाळवाण्या नोंदी असतील तर ते चांगलं लक्षण समजा.

उलट बाजूही सांगायला हवी. दोन वर्षं अपडेट नाही म्हणजे प्लगइन मेलंच असं नसतं. एकच छोटं काम करणारं, बाहेरची एकही लायब्ररी न वापरणारं प्लगइन वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतं. पेमेंट, बिल, कुरिअर, लॉगिन यांच्याशी संबंध असलेलं प्लगइन मात्र जुनं नको, तिथे तडजोड करू नका.

अजून एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. सुरक्षेच्या कारणाने एखादं प्लगइन डिरेक्टरीतून काढून टाकलं, तरी तुमच्या साइटवर ते चालूच राहतं. वर्डप्रेसचा डॅशबोर्ड त्याबद्दल तुम्हाला काही कळवत नाही. म्हणून तीन महिन्यांतून एकदा आपल्या प्रत्येक प्लगइनचं पान स्वतः उघडून बघायचं. पंधरा प्लगइन असतील तर अर्धा तास लागेल.

आधीच अडकलेले असाल तर

पहिल्यांदा आपल्याकडे काय आहे ते बघा. वर्डप्रेसच्या ॲडमिनमध्ये टूल्स, मग साइट हेल्थ, मग इन्फो. तिथे ‘सर्व्हर’ उघडलं की पीएचपीची आवृत्ती दिसते. त्या पानावर सगळी माहिती कॉपी करायचं बटण आहे. ती कॉपी करून स्वतःला ईमेल करून ठेवा. डेव्हलपर बदलला तर ही यादी नव्या डेव्हलपरच्या पहिल्या दिवसाचं काम वाचवते.

मग बॅकअप. फाइल आणि डेटाबेस दोन्हींचा, आणि तो आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतलेला. मग होस्टिंगवर साइटची दुसरी प्रत, ज्याला स्टेजिंग म्हणतात. बऱ्याच कंपन्या ती एका बटणावर करून देतात. त्या प्रतीवर पेमेंट गेटवे टेस्ट मोडमध्ये टाका, नाहीतर खरे पैसे कापले जातील. आधी प्लगइन आणि थीम अपडेट करा, मग पीएचपी एकेक पायरी वर न्या: ७.४ वरून ८.०, मग ८.१, मग ८.२. थेट उडी मारली की कुठे तुटलं ते सापडत नाही. प्रत्येक पायरीला मोबाइलवरून एक पूर्ण ऑर्डर टाका. कॅश ऑन डिलिव्हरीची एक, यूपीआयची एक, कूपन लावून एक. बिलाचा ईमेल आला का, त्यावर जीएसटी बरोबर आहे का, हेही बघा. होमपेज उघडलं म्हणजे तपासणी झाली असं डेव्हलपरने म्हटलं तर मान्य करू नका.

हे सगळं करायचं कधी? आषाढात, धंदा मंद असताना. किंवा तुळशीचं लग्न झाल्यावर. धनत्रयोदशीच्या आठवड्यात अपडेटचं बटण दाबू नका, कितीही लाल टिंब दिसू दे.

एखादं प्लगइन नव्या पीएचपीवर चालतच नसेल तर आधी स्वतःला विचारा, ते लागतं का? आपल्या उदाहरणातल्या पिनकोडच्या प्लगइनचंच घ्या. वूकॉमर्सच्या मूळ सेटिंगमध्ये ‘शिपिंग झोन’ आहेत. तिथे झोनला पिनकोड जोडता येतात. पुण्यासाठी ४११* लिहिलं की ४११ ने सुरू होणारे सगळे पिनकोड आले. मध्ये तीन टिंबं देऊन ४११००१...४११०६० असा पट्टाही देता येतो. म्हणजे ज्या प्लगइनमुळे दुकान बंद पडलं त्याची गरजच नव्हती! हे फार वेळा दिसतं. दर प्लगइन म्हणजे सांभाळायची एक अट, त्यामुळे जितकी प्लगइन कमी तितकं बरं.

खरोखर लागत असेल आणि पर्याय नसेल तर ओपन सोर्सचा फायदा इथे कामाला येतो. कोड उघडा आहे, परवाना दुरुस्तीची मुभा देतो. कुठलाही जाणकार डेव्हलपर तो ‘काउंट’चा किंवा ‘क्रिएट फंक्शन’चा प्रश्न बऱ्याच वेळा काही तासांत सोडवू शकतो. बंद सॉफ्टवेअर असतं तर कंपनीची वाट बघण्याशिवाय हातात काही नसतं. फक्त दोन गोष्टी सांभाळा. दुरुस्त केलेल्या प्लगइनचं फोल्डर आणि नाव बदलून घ्या, नाहीतर मूळ प्लगइनचं अपडेट आलं की तुमची दुरुस्ती पुसली जाईल. आणि ती दुरुस्ती मूळ लेखकाला पाठवा. तो बहुधा नोकरी सांभाळून रात्री हे काम फुकट करतोय. त्याने ती घेतली तर पुढच्या वेळेस तुम्हाला पुन्हा पैसे खर्च करावे लागणार नाहीत.

ईआरपीनेक्स्ट वापरणाऱ्यांसाठी दोन शब्द. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आपल्याकडचे बरेच छोटे कारखानदार वापरतात. आवृत्ती १४ साठी पायथॉन ३.१० किंवा पुढचं लागतं, आणि जीएसटीचा भाग ‘इंडिया कम्प्लायन्स’ नावाच्या वेगळ्या ॲपमध्ये गेला, तो वेगळा बसवावा लागतो. १३ वर कुणाकडून खास तुमच्यासाठी ॲप लिहून घेतलं असेल तर ते १४ किंवा १५ वर आपोआप चालेल असं धरून चालू नका. अपग्रेडचं कोटेशन घेताना "आमच्या कस्टम ॲपचं काम यात धरलंय का?" हे लेखी विचारा.

आता मूळ प्रश्नाकडे. डेव्हलपर दरवर्षीचे पैसे मागतो ते वर सांगितलेल्या कामाचे, जर तो ते करत असेल तर! बरेच जण फक्त ‘अपडेट ऑल’ दाबतात आणि बिल पाठवतात. तुमचा कोणत्या प्रकारचा आहे ते कळण्यासाठी खालचा मेसेज त्याला जसाच्या तसा पाठवा:

"नमस्कार. आपल्या साइटबद्दल एवढी माहिती लेखी हवी आहे. सध्या पीएचपी कोणतं आहे आणि त्याला दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळणार आहेत? कोणत्या प्लगइनना वर्षभरात अपडेट आलेलं नाही? थीमच्या आत कोणती प्लगइन किंवा लायब्ऱ्या भरलेल्या आहेत आणि त्यांच्या आवृत्त्या काय? तुम्ही आमच्यासाठी वेगळा कोड लिहिला असेल तर त्यावर कम्पोजर आउटडेटेड आणि कम्पोजर ऑडिट चालवून जे येईल ते पाठवा. पुढच्या पीएचपीवर साइट स्टेजिंगला तपासायला किती दिवस आणि किती खर्च लागेल?"

ज्याला काम येतं तो याचं उत्तर दोन-तीन दिवसांत देतो, आणि बहुधा त्याला बरंच वाटतं की कुणीतरी विचारलं. उत्तराऐवजी "सर, काळजी करू नका, सगळं ओके आहे" एवढंच आलं, तर करार नवा करण्याआधी दुसऱ्या एकाकडून कोटेशन घ्या. आलेलं उत्तर समजलं नाही तर व्हिडिओखाली कमेंटमध्ये टाका. साइटचं नाव आणि लॉगिनची माहिती मात्र काढून टाका. पुढच्या भागात स्टेजिंगची प्रत सीपॅनेलवरून कशी बनवायची ते स्क्रीनवर करून दाखवतो.